सहा भरले, सातवा लागला : अंगणवाडी सेविकेचा एक दिवस

पहाटे ५.३०

पहिलं काम डब्यांचं. एका डब्यात तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून दळलेलं पीठ, छोट्या डबीत मोड आणून वाळवलेल्या गव्हाचं पीठ, शेंगदाण्याचा बारीक कूट, बाटलीत थोडं तेल, दोन सारख्या वाट्या आणि चमचे. आज अंगणवाडीत अन्नप्राशन दिवस आहे. २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झाल्यापासून असे कार्यक्रम गावागावांत घ्यायचे असतात. सामान शाळेच्या पिशवीत बसतं, पण कार्यक्रम पार पडेल की नाही हे पिशवीवर ठरत नाही. ते घरातल्या आज्ज्यांवर ठरतं.

चहा उकळेपर्यंत मोबाईलमधली यादी पाहते. सध्या दोन लेकरांवर लक्ष आहे. एक मुलगा, पाच महिने बारा दिवसांचा. एक मुलगी, तिला आज बरोबर सहा महिने पूर्ण होतात. यादीत नाव आणि तारीख दिसते. घरात कोण काय भरवतंय ते उंबऱ्यापाशी गेल्याशिवाय कळत नाही.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, डोंगराच्या माथ्यावर. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळं दिवाळी सरली की घरंच्या घरं ऊसतोडीला निघतात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. मुकादमाची उचल घेतलेली असते, गाडी कधी येईल ते मुकादमच सांगतो. या दिवसांत लेकरू सहा महिन्यांचं होणं म्हणजे माझ्यासाठी धावपळीचंच काम.

सकाळी ७.३०

कापूस वेचणीला बायका आठलाच रानात जातात, म्हणून गृहभेट त्याआधी उरकते. आशाताई सोबत आहे. मुलाच्या घरी गेलो तर आज्जी त्याला मांडीवर घेऊन चहात बुडवलेलं बिस्कीट बोटानं चाटवत होती.

"आज्जी, कामून घाई करताय?"

"घाई कसली बाई? सहावा लागला की त्याला. पोराचं सम महिन्यातच करायचं असतंय."

आमच्याकडची रीत अशी : मुलाचं उष्टावण सहाव्या किंवा आठव्या महिन्यात, मुलीचं पाचव्या किंवा सातव्या. अडचण रीतीत कमी आणि मोजण्यात जास्त आहे. सहावा लागला म्हणजे भरलेले महिने पाचच. डॉक्टर सांगतात ते सहा महिने भरलेले असतात, म्हणजे जन्मापासून १८० दिवस. जागतिक आरोग्य संघटना आणि आपला आरोग्य विभाग दोघंही हेच सांगतात : तोपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. उन्हाळ्यातही नाही, कारण आईच्या दुधात बहुतेक भाग पाण्याचाच असतो. आधी दिलेला घास दुधाची जागा खातो आणि हाताबोटांवरचे जंतू पोटात नेतो, मग जुलाब सुरू होतात. चहाचं तर आणखी वाईट. अन्नातलं लोह अंगी लागायला तो आडवा येतो.

"आवं, पण ते आमच्या ताटाकडं टकामका बघतंय."

"बघू द्या. आता हे बघा."

लेकराच्या ओठांवर बिस्किटाचा लगदा होता. जीभ पुढं आली आणि तिनं तो लगदा बाहेर ढकलला. तो हनुवटीवरून ओघळून झबल्यावर पडला. आज्जीनं बोटानं पुन्हा आत सारला, जिभेनं पुन्हा बाहेर ढकलला. तोंडात आलेली परकी वस्तू बाहेर लोटायची ही तान्ह्या बाळाची उपजत सवय असते. सहा महिन्यांच्या आसपास ती ओसरते. तोवर मान ताठ राहते, टेकवून बसवलं तर बाळ बसतं, दिसेल ते हातात धरून तोंडात घालतं. ही सगळी लक्षणं जुळून आली की बाळ तयार झालं. नुसतं ताटाकडं बघणं म्हणजे भूक नव्हे.

आज्जीनं हिशेब घातला. "सहा भरल्यावर द्यायचं म्हणता, म्हणजे सातवा लागंल. विषम झालं की!"

"उष्टावण आठव्यात करा, पाहुणे बोलवा, जेवण घाला. पहिला घास तेवढा सहा भरले त्या दिवशी द्या. त्याला कुणाला बोलवायचं काम नाही."

"गुपचूप?"

"गुपचूप."

आज्जी हसली. आशाताईनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेननं गोल केला. निघताना मधाबद्दलही सांगितलं, कारण या घरात गुटी मधात उगाळतात. वर्षाच्या आत मध नाही. त्यातल्या एका जंतूच्या बीजाणूंमुळं तान्ह्याच्या आतड्यात विष तयार होऊ शकतं. मोठ्या माणसाला तोच मध बाधत नाही, म्हणून आज्ज्यांना हे पटायला वेळ लागतो.

सकाळी १०

अंगणवाडी उघडली. तीन ते सहा वर्षांची पोरं, प्रार्थना, हजेरी, बडबडगीतं, नाश्ता. मदतनीस ताई केर काढून पाणी भरून मोकळी झाली आहे. हा वेळ पोरांचा. त्याबद्दल कधीतरी वेगळं लिहायला हवं.

सकाळी ११

आज सहा महिने भरलेल्या मुलीला घेऊन तिची आई आणि आज्जी आल्या. आधी वजन. अंगावरचे जाडे कपडे काढले, काट्यावर पातळ फडकं टाकून आकडा शून्यावर आणला, मग पोरगी ठेवली. ६ किलो २०० ग्रॅम. उंची मोजायच्या पाटावर आडवी केली तर तिनं गाव गोळा केलं. आईनं डोकं धरलं, मी गुडघे सरळ दाबून पायाशी फळी सरकवली. दंडाचा घेर मोजायची पट्टी सहा महिन्यांपासून लावतात, त्यामुळं तिची आज पहिलीच वेळ. पट्टी हिरव्यावर थांबली, १३ सेंटिमीटर. साडेबाराच्या खाली पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल म्हणजे तीव्र कुपोषण.

पट्टी हिरवी आणि वजनही साधारण श्रेणीत, त्यामुळं आज्जी निर्धास्त. मी तिला आलेख दाखवला. मागच्या महिन्यात पोरगी ६ किलो १०० ग्रॅमची होती. या वयात महिन्याला साधारण तीनचारशे ग्रॅम वाढायला हवेत. हिची वाढ शंभरावर आली. चार महिने वर चढत आलेली रेघ आडवी व्हायला लागली होती. लेकरू हिरव्यातून पिवळ्यात जातं तेव्हा सगळ्यांना दिसतं. त्याच्या आधी रेघ वाकते. माझं खरं काम ती वाकलेली रेघ बघण्याचं.

"आईच्या दुधात काय कमी पडलं?" आज्जीचा आवाज सुनेवर घसरायच्या बेतात होता.

"दुधात काही कमी नाही. पोरगी मोठी झाली, तिची गरज वाढली."

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय रोज अंदाजे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, वर्षानंतर साडेपाचशेच्या आसपास. शिवाय पोटात असताना आईकडून घेतलेला लोहाचा साठा याच सुमारास संपत येतो, आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. ते डाळ, अंडं, हिरवा पाला यांतून यायला हवं. म्हणून सहा महिने भरले की आशाताई लोहाचं औषधही सुरू करते, आठवड्यातून दोनदा एकेक मिलिलिटर.

"सगळं खरं बाई, पण तिचा मामा नाही की. मामाच्या मांडीवर बसून, सोन्याची अंगठी खिरीत बुडवून चाटवायची असते. मामा कोल्हापूरकडं तोडीला गेलाय. पाडव्याला येणार."

पाडव्याला पोरगीला अकरावा लागलेला असेल. वर हे घरही चार दिवसांत तोडीलाच निघणार. मग मी सकाळचाच हिशेब उलटा मांडला. "आज्जी, पोरीचं सातव्यात चालतं ना?"

"चालतं."

"आज सहा भरले, म्हणजे सातवा आजच लागला."

आज्जीनं बोटं मोजली, सुनेकडं बघितलं, पुन्हा मोजली. सुनेनं तेवढ्यात भावाला फोन लावला. तो फडात होता, आवाज तुटत होता, मागं कोयत्यांचा खणखणाट. "द्या की, माझी कशाला वाट बघता? आल्यावर वाटी घेऊन येतो," एवढं मात्र स्वच्छ ऐकू आलं.

सकाळी मोजण्यानं एका पोराला घास लवकर मिळत होता, आता मामाची वाट बघण्यानं एका पोरीचा चारएक महिने लांबणार होता. रीत मोडायला सांगितलं तर दार बंद होतं. रीतीतली तारीख नीट मोजायला सांगितलं तर बसायला चटई टाकतात.

दुपारी १२

बैठकीला बारापंधरा बायका. आज्ज्यांना मुद्दाम बोलावते, कारण चमचा त्यांच्या हातात असतो. मी आधी वरणावरचं पाणी एका वाटीत घेतलं आणि पिठाची घट्ट पेज दुसऱ्या वाटीत. दोन चमचे भरून तिरके धरले. पाणी चटकन सांडलं, पेज चमच्याला धरून राहिली.

"लेकराला कोणती देता?"

बहुतेक हात वरणाच्या पाण्याकडं. ते पचायला हलकं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण बाळाचं पोट केवढं असतं? किलोला साधारण ३० मिलिलिटर धरायचं. सहा किलोच्या बाळाचं पोट म्हणजे दोनशे मिलिलिटरही नाही. ते वरच्या पाण्यानं भरलं की बाळ तृप्त दिसतं, झोपतंही, पण अंगी काही लागत नाही, कारण डाळ पातेल्याच्या तळाशी राहिलेली असते. म्हणून डाळ घोटून द्या, भात कुस्करून द्या, भाकरी वरणात भिजवून मऊ करून द्या. वर चमचाभर तेल किंवा तूप टाका. पाच मिलिलिटर तेलात ४५ कॅलरी असतात आणि पोटात त्याला जागाही फारशी लागत नाही.

एका सुनेनं बरोबर शंका काढली. "घट्ट केलं की घशात चिकटतं, गिळत नाही. पाणी घालावंच लागतं."

याच प्रश्नासाठी छोटी डबी आणली होती. पेज इतकी घट्ट शिजवली होती की चमचा उभा राहात होता. गॅस बंद करून ती जरा निवू दिली आणि मोडाच्या गव्हाचं पीठ एक चमचा घालून ढवळलं. पाणी एक थेंबही घातलं नाही. पाचेक मिनिटांत पेज सैल पडली, चमचा आडवा झाला, पेज पळीवरून सरसर ओघळायला लागली. मागं बसलेल्या दोघीजणी पुढं सरकल्या. एकीनं पातेलं तिरकं करून खाली पाणी दडवलंय का ते पाहिलं.

मोड येताना दाण्यात एक द्रव्य तयार होतं, ते पिठातला स्टार्च तोडतं. म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं आणि बाळाला गिळायला सोपंही जातं. गहू रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, उन्हात कडकडीत वाळवायचे, मोड चोळून काढायचे, अगदी मंद आचेवर हलकेच भाजून दळायचे. जास्त भाजलं तर गुण जातो. पेज सैल झाली की पुन्हा एक उकळी काढायची, मग बाळाला द्यायची.

त्या उकळीनंतर पेज निवली आणि मुलीला आईच्या मांडीवर बसवलं. आधी दूध पाजून घेतलं होतं, फार भुकेलं बाळ नवीन चवीला तयार होत नाही. आज्जीनं बोटातली अंगठी काढून धुतली, पेजेत बुडवली, ओठांना लावली. त्यानंतर चमचा. पहिल्या घासाला पोरीनं तोंड असं केलं की बायका खळखळून हसल्या. दुसरा अर्धा बाहेर आला. तिसऱ्याला तोंड उघडून चमच्याकडं झेपावली. दोनतीन चमचे, आज एवढंच.

पुढचं सगळ्यांना सांगितलं. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोनतीन वेळा, दोनतीन मोठ्या चमच्यांपासून वाढवत अर्ध्या वाटीपर्यंत, वाटी पाव लिटरची. नऊ महिन्यांपासून तीनचार वेळा अर्धी वाटी, मधे एखादं फळ. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी. भोपळा, रताळं, केळं, शेवग्याचा पाला, दही, खात असाल तर अंडं. शेंगदाण्याचा कूट चालतो, अख्खा दाणा, फुटाणा, हरभरा नाही, घशात अडकतो. वर्षाच्या आत मीठ-साखरेची गरज नाही. दुधाची बाटली घरात नको, वाटी-चमचा बरा. आणि मोबाईल दाखवून भरवायचं नाही, कारण तोंड फिरवलं म्हणजे पोट भरलं, हे लेकराचं सांगणं मग आपल्याला दिसतच नाही.

माळकरी आज्जी म्हणाली, "आमच्यात अंडं चालत नाही." चालत नसेल तर डाळ आणि दही रोज. त्यावर वाद घालत बसायचं नसतं.

दुपारी १.३०

पोरांची खिचडी झाली. पोरं घरी गेली. आता सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांची घरपोच आहाराची पाकिटं. पाकीट द्यायच्या आधी मोबाईलमध्ये चेहरा जुळायला हवा आणि रेंज फक्त वडाच्या पारावर येते. त्यामुळं रांग अंगणवाडीपुढं नाही, पारावर. एका बाईनं खरं सांगून टाकलं, "पाकीट घरातली चारही पोरं खातात." खाणारच. म्हणून मी पाकिटाच्या भरवशावर कुणाला सोडत नाही. ते घरच्या जेवणाला जोड आहे, घरचं जेवण नव्हे.

दुपारी ३

सकाळच्या मुलीचं घर. पत्र्याच्या खोलीत भांडी पोत्यात बांधायला घेतलेली. पोरीच्या खाण्याची बांधाबांध मी त्यांच्यासोबत केली.

तोडीवर आई पहाटे तीनचारला उठते, कोपीपुढं, म्हणजे झोपडीपुढं, चूल पेटवते, भाकरी बडवते आणि उजाडायच्या आत फडात. लेकरू फडाच्या कडेला, नाहीतर बैलगाडीच्या सावलीत, आणि त्याला सांभाळायला सातआठ वर्षांची बहीण. पहाटे शिजवलेला भात दुपारी लेकराला भरवला की दोन दिवसांत जुलाब. म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत भरवायचं, नाहीतर ताजं करायचं. ताजं दहा मिनिटांत होईल असं काहीतरी हवं. डाळ-तांदळाचं भाजलेलं पीठ त्यासाठीच : झाकणाच्या डब्यात ते आठवडे टिकतं, तीन दगडांवर उकळत्या पाण्यात शिजवलं की पेज तयार. मी दोन किलो करून ठेवायला सांगितलं होतं, सासूनं ते केलंय. मोडाच्या पिठाची डबी मी माझी दिली.

आईला चार गोष्टी सांगितल्या. फडात जायच्या आधी एकदा, दुपारच्या सुट्टीत एकदा, संध्याकाळी कोपीवर आल्यावर एकदा. भरवायच्या आधी तुझे हात साबणानं, आणि तिच्या बहिणीचेही. जुलाब झाले तरी अन्न आणि दूध बंद करायचं नाही, जलसंजीवनीचं पाकीट जवळ ठेवायचं. रात्रीचं दूध चालूच. नऊ महिने भरले की गोवराची लस आणि जीवनसत्त्व 'अ'चा पहिला डोस, जिथं असाल तिथल्या दवाखान्यात. लसीकरणाचं कार्ड पोत्यात नाही, ब्लाऊजच्या खिशात.

स्थलांतराची नोंद मोबाईलवर केली. त्यामुळं पोरीचं नाव तिकडच्या अंगणवाडीला कळतं. पण अंगणवाडी गावात असते आणि कोप्या गावाबाहेरच्या माळावर. हे अंतर कुणीतरी चालून जावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा कुणी ना कुणी सेविकाच चालते.

संध्याकाळी ५.३०

आजची वजनं, गृहभेटी, कार्यक्रमाचे फोटो मोबाईलवर चढवले. पर्यवेक्षिका मॅडमचा फोन आला, उद्या बीटची, म्हणजे त्यांच्याकडच्या अंगणवाड्यांची, बैठक. तिथं आकडे वाचून दाखवतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणं देशातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी आईच्या दुधासोबत घट्ट किंवा मऊ अन्न मिळणारी ४५.९ टक्के. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी अवघी ११.३ टक्के. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मला जास्त टोचतो. पहिला घास उशिरा का होईना सगळ्यांना मिळतो, सोहळाही होतो. दुसऱ्या दिवशीचा, तिसऱ्या दिवशीचा, तेराव्या महिन्याचा घास बघायला मामा येत नाही.

हे फक्त तोडीवरच्या घरांचं नाही. पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या भाचीनं बाळाचे दोन महिने वरणाचं पाणी आणि सफरचंदाचा रस यांवर काढले. तिच्याकडं मिक्सर आहे, फ्रीज आहे, बालरोगतज्ज्ञ आहे. तरी पातेल्याच्या तळाची डाळ तिच्याकडंही तळालाच.

रात्री ८.३०

जेवायला बसले आणि फोन. दुपारचीच आई. "ताई, संध्याकाळी दिलं तर सगळं थुंकलं. नको का देऊ?"

उद्या पुन्हा तेच, तेवढंच, न दटावता. आठदहा वेळा चव घेतल्याशिवाय लेकरू एखाद्या पदार्थाला आपलं म्हणत नाही. दोन दिवस एकच पदार्थ चालू द्यायचा, मग नवीन द्यायचा, म्हणजे काही बाधलं तर कशानं बाधलं ते कळतं.

आता तुम्हालाही सांगते. घरात तान्हं बाळ असेल तर आज कार्डावरची जन्मतारीख काढा, त्यात भरलेले सहा महिने मिळवा आणि ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. त्या दिवसाच्या आधी पाणीही नको, त्या दिवसानंतर एक आठवडाही उशीर नको. हॉल, मुहूर्त, मामा, खीर यांचं सवडीनं बघा. आईचं दूध दोन वर्षं किंवा त्याहून जास्त चालू ठेवा, ताटातलंच मऊ आणि घट्ट अन्न रोज द्या, आणि दर महिन्याला बाळाचं वजन करून घ्या. अंगणवाडीत त्याला पैसे लागत नाहीत.